लॉस एंजेलिसचे वणवे : घरं, प्रार्थनास्थळं आणि शहराच्या जुन्या खुणा

नदीकाठ | ८ जानेवारी २०२५

पासाडेनाच्या उत्तर भागात राहतो. काल रात्री घर सोडलं. सध्या टेम्पल सिटीला मित्राकडे आहोत. आई, बायको, मुलं सगळे सुखरूप आहेत. भारतातून सारखे फोन येताहेत आणि बातम्यांमध्ये सगळ्या आगी एकत्र करून दाखवताहेत, म्हणून हा धागा काढतो. एलएमधले बरेच आयडी इथे आहेत. आपापल्या भागाचं लिहा, म्हणजे माहिती एका जागी राहील.

काल ७ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकडच्या पॅसिफिक पॅलिसेड्सच्या डोंगरावर आग लागली. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या बाजूला ईटन कॅन्यनमध्ये दुसरी. दोन्हींत चाळीसेक किलोमीटरचं अंतर. रात्री उत्तरेला सिल्मारला तिसरी. हवामान खात्याने आधीपासून अतिधोक्याचा इशारा दिला होता. सांता आना वारे वाळवंटाकडून डोंगर उतरून समुद्राकडे येतात आणि उतरता उतरता तापतात, कोरडे होतात. या वेळी डोंगरावर ताशी १३० ते १६० किलोमीटरचे झोत होते. त्या वाऱ्यात रात्री पाणी टाकणारी विमानं उडूच शकली नाहीत.

मागचे दोन हिवाळे इथे भरपूर पाऊस झाला, त्यावर डोंगरात गवत आणि झुडपं माजली. मग मे महिन्यापासून डाउनटाउनला अर्धा सेंटिमीटरसुद्धा पाऊस नाही. जानेवारी म्हणजे इथला पावसाळा, आणि डोंगर मात्र वाळून खडखडीत झालेले.

निघताना गाडीच्या काचेवर ठिणग्या आपटत होत्या. समोरच्या पाम झाडाची वाळकी झावळी पेटून तुटली आणि जळत जळत रस्त्यावरून घसरत आमच्या पुढे गेली. पासपोर्ट, आईची औषधं, लॅपटॉप एवढं घेतलं. आईने देवघरातले टाक शालीत गुंडाळून मांडीवर ठेवले होते, ते अजून खाली ठेवलेले नाहीत.

घराचं काय झालं ते माहीत नाही.

मेथांबा | ८ जानेवारी २०२५

नदीकाठ, तुम्ही निघालात हे फार बरं केलंत. आम्ही आर्केडियात आहोत, बॅगा भरून दाराशी ठेवल्यात. ज्यांना जागा हवी त्यांच्यासाठी पासाडेना कन्व्हेन्शन सेंटरमध्ये निवारा उघडला आहे, वृद्धांसाठी खाटांची सोय आहे. 'वॉच ड्यूटी' हे ॲप सगळ्यांनी उतरवून घ्या. कुठला भाग रिकामा करायला सांगितलाय ते त्यात टीव्हीच्या आधी दिसतं.

गिरकी | ९ जानेवारी २०२५

ठाण्याहून लिहितेय. मुलगा वेस्टवूडला शिकतो. तो म्हणतो मी ठीक आहे, पण मुलं आईला खरं सांगतातच असं नाही. हॉलिवूडची पाटी जळतानाचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, तो पाहून जेवण गेलं नाही. कुणी खरं काय ते सांगेल का?

पाणकणीस | ९ जानेवारी २०२५

गिरकीताई, तो फोटो खोटा आहे, एआयने बनवलेला. पाटी माउंट ली नावाच्या टेकडीवर आहे आणि जागच्या जागी आहे. मात्र काल संध्याकाळी हॉलिवूडच्या मागे रनियन कॅन्यनमध्ये खरंच आग लागली होती. हॉलिवूड बुलेव्हार्डचा बराच भाग, जिथे चायनीज थिएटर आणि ऑस्करचं डॉल्बी थिएटर आहे तो सगळा, रिकामा करायला सांगितला होता. रस्त्यांवर गाड्यांची रांग आणि वर टेकडी लाल. पण तोवर वारा थोडा पडला होता, हेलिकॉप्टरं उडू शकली आणि त्यांनी एकामागून एक पाणी ओतून काही तासांत ती आटोक्यात आणली. आदल्या रात्री पॅलिसेड्सला हेच करता आलं नव्हतं.

वेस्टवूडचे वर्ग ऑनलाइन केले आहेत. मुलाला सांगा, हवा वाईट आहे, बाहेर पडताना एन९५ मास्क लावायचा, साधा कापडी नको. आणि गाडीची टाकी भरलेली ठेवायची. गाडी नसेल तर कुणाबरोबर निघायचं हे आजच ठरवून ठेवायचं.

दुपारी साऱ्या काउंटीच्या फोनवर 'घर सोडायच्या तयारीत राहा' असा संदेश आला होता, तो चुकून गेलेला होता. एक कोटी लोकांना! पण म्हणून पुढचे संदेश बंद करून ठेवू नका, कृपा करा.

आम्ही वूडलँड हिल्सला आहोत. आमच्या पश्चिमेला आज केनेथ नावाची नवीन आग लागली आहे. कॅलाबासासचं बालाजीचं देऊळ, ज्याला सगळे मलिबू टेंपल म्हणतात, दर्शनाला बंद आहे. २०१८ च्या वूल्झी आगीतही आजूबाजूचे डोंगर जळले होते, त्यामुळे तिथल्या लोकांना या भीतीची ओळख आहे.

नदीकाठ | १० जानेवारी २०२५

घर उभं आहे. शेजाऱ्याने फोटो पाठवला. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाची घरं गेली आहेत. ज्यांची गेली त्यांतल्या एका आजींकडून आम्ही दर वर्षी लिंबं आणायचो. आनंद कुठल्या तोंडाने करायचा कळत नाही.

मेथांबा | १० जानेवारी २०२५

इथल्या प्रार्थनास्थळांबद्दल लिहिते, कारण भारतीय वाहिन्यांवर फक्त नटांची घरं दाखवताहेत.

पासाडेना ज्यूइश टेंपल मंगळवारी रात्री पूर्ण जळून गेलं. आग येतेय कळल्यावर तिथल्या कँटर, म्हणजे उपासनेत गायन करणाऱ्या बाई, आणि आणखी काही जण धुरातून आत गेले आणि तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या गाड्यांत घालून बाहेर आणल्या. त्या चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या असतात, एकेक लिहायला वर्षभर लागू शकतं, आणि वजनाला चांगल्याच जड. डझनभर तरी होत्या. इमारत राहिली नाही, पण ग्रंथ वाचले.

पासाडेनाला लागून असलेलं अल्टाडेना ईटनच्या आगीत जळलं, तिथली मस्जिद अल-तक्वा गेली. कृष्णवर्णीय मुस्लिमांनी उभी केलेली, या भागातली जुनी मशीद होती ती. सेंट मार्क्स चर्च गेलं, अल्टाडेना कम्युनिटी चर्च गेलं. तिकडे पॅलिसेड्सला कॉर्पस क्रिस्ती हे कॅथलिक चर्च आणि कम्युनिटी मेथडिस्ट चर्च गेलं. आणखीही आहेत. अल्टाडेनात थिऑसॉफिकल सोसायटीच्या पासाडेना शाखेचं ग्रंथालय आणि दफ्तर होतं. चाळीस हजारांच्या आसपास ग्रंथ, न छापलेली पत्रं, सोसायटीचा सुरुवातीपासूनचा इतिहास. सगळं राख. आपल्याकडे चेन्नईतल्या अड्यारच्या मुख्यालयामुळे आणि अ‍ॅनी बेझंटबाईंमुळे हे नाव माहीत असतं. ही शाखा वेगळी, पण त्या चळवळीवर काम करणाऱ्या माणसाला हे नुकसान किती मोठं आहे ते कळेल. इमारत पुन्हा बांधता येते. न छापलेलं पत्र कुठून आणायचं?

टाकसाळ | ११ जानेवारी २०२५

थोडं कठोर लिहितो. ही करोडो डॉलरची घरं आहेत. विमा असेल, दुसरी घरं असतील. आपल्याकडे झोपडपट्टीला आग लागते तेव्हा एवढे धागे निघत नाहीत. सहानुभूतीसुद्धा पैसे बघून वाटली जाते असं वाटतं.

मेथांबा | ११ जानेवारी २०२५

टाकसाळ, झोपडपट्टीच्या आगीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण इथली सगळीच घरं श्रीमंतांची नाहीत, म्हणून लिहिते.

अल्टाडेना हे शिक्षक, नर्स, पोस्टातली माणसं, निवृत्त कारखाना कामगार यांचं गाव. एके काळी बँका कृष्णवर्णीयांना शहराच्या बहुतेक भागांत घरासाठी कर्जच देत नसत. नकाशावर लाल रेघ मारून वस्त्या वेगळ्या काढल्या होत्या. अल्टाडेनात, त्यातही लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला, त्यांना घर घेता यायचं. म्हणून तिथे कृष्णवर्णीयांमध्ये स्वतःचं घर असण्याचं प्रमाण देशातल्या त्यांच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. आजोबांनी घेतलेलं घर नातवाकडे आलेलं असतं, कर्ज फिटलेलं असतं, म्हणून विमा घ्यायची सक्तीही नसते. अशा घराची किंमत आज कागदावर दहा लाख डॉलर दिसते, पण ते गेलं की त्या माणसाकडे दुसरं काही उरत नाही.

पॅलिसेड्सलाही समुद्राकाठी दोन मोबाइल होम पार्क, म्हणजे आयत्या तयार घरांच्या वसाहती, होते, तिथे बरीच निवृत्त माणसं राहायची. तेही गेले.

टाकसाळ | ११ जानेवारी २०२५

हे वाचलं. धन्यवाद. बातम्यांमध्ये यातलं काहीच आलं नव्हतं.

पाणकणीस | १२ जानेवारी २०२५

परवा रात्री पॅलिसेड्सची आग पूर्वेला मँडव्हिल कॅन्यनकडे सरकली आणि गेटी सेंटर हे कलासंग्रहालयही रिकाम्या करायच्या भागात आलं. आज परिस्थिती बरी आहे.

समुद्राकाठचं दुसरं गेटी, म्हणजे गेटी व्हिला, मात्र पहिल्याच दिवशी आगीच्या तोंडी होतं. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधल्या एका रोमन वाड्याच्या नमुन्यावर ते बांधलेलं आहे. आत ग्रीक, रोमन मूर्ती. आवारातली झाडं पेटली, पण इमारत आणि संग्रह शाबूत आहे. त्यांनी वर्षभर आवारातली झुडपं काढली होती, झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्या होत्या, आग येण्याआधी बागेला पाणी देऊन जमीन भिजवली आणि धूर आत ओढला जाऊ नये म्हणून दालनांची हवा खेळवणारी यंत्रणा बंद केली. काही कर्मचारी आत थांबून छोट्या आगी विझवत होते.

शेजारच्याच डोंगरातलं जुन्या काळातले विनोदी नट विल रॉजर्स यांचं राहतं घर, जे राज्याने स्मारक म्हणून जपलं होतं, ते पूर्ण जळलं. १९२९ चं टोपँगा रँच मोटेलही गेलं. चार्ल्स आणि रे ईम्स या रचनाकार दांपत्याचं ईम्स हाउस वाचलं. वाऱ्याची दिशा हा भाग आहेच, सगळं श्रेय तयारीला देता येणार नाही. पण गेटीची तयारी बघण्यासारखी आहे.

नदीकाठ | १२ जानेवारी २०२५

लेक श्राइनचं कुणाला कळलं का? सनसेट बुलेव्हार्डवरचं योगानंदांचं. आई सारखी विचारतेय.

पाणकणीस | १२ जानेवारी २०२५

वाचलंय. चारी बाजूंनी आग होती, पण मुख्य वास्तू, टेकडीवरचं मंदिर आणि तळ्याकाठचं गांधी स्मारक शाबूत आहे. आईंना सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परमहंस योगानंदांनी १९५० मध्ये हे ठिकाण लोकांसाठी उघडलं. तिथे दगडी पेटीत गांधीजींच्या रक्षेचा अंश ठेवलेला आहे. तो योगानंदांना पाठवला होता पुण्याचे प्रकाशक आणि पत्रकार डॉ. व्ही. एम. नवले यांनी. आणि त्याआधी १९३५ मध्ये योगानंद वर्ध्याला जाऊन गांधीजींबरोबर राहून आले होते. म्हणजे वर्धा, पुणे आणि पॅलिसेड्सचं तळं अशी ती साखळी आहे. गेली कित्येक वर्षं मराठी मंडळी पाहुण्यांना तिथे घेऊन जातात, हंस दाखवतात आणि परत येतात, पण रक्षा पुण्याहून आली हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

घाटवाट | १३ जानेवारी २०२५

मी पुण्याचा. दर वर्षी फेब्रुवारी ते मे आम्ही काही जण वनखात्याबरोबर वणवे विझवायला जातो. धागा पहिल्यापासून वाचतोय, एक प्रश्न आहे. आपल्याकडे गवत वाळायच्या सुमारास जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवायचा. आग त्या पट्ट्यापाशी आली की खायला काही नसतं. उरलेली आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपतो किंवा पाचोळा उडवायच्या ब्लोअरने मागे ढकलतो. तिकडे एवढी साधनं असताना वस्तीच्या कडेला असा पट्टा का नसतो?

उंबरठा | १३ जानेवारी २०२५

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असतो, घरांची तपासणी हे माझं काम. उत्तर देतो.

पट्टे असतात. बुलडोझरने काढलेले, काही ठिकाणी रुंद रस्तेच ते काम करतात. पण तुमच्याकडची गवताची आग जमिनीवरून चालत येते. इथे ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात निखारे उडतात आणि एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन पडतात. चार पदरी हायवे ओलांडून जातात. कुठलीही जाळरेषा त्यांना अडवू शकत नाही.

लोकांना वाटतं ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते. बहुतेक घरं तशी जळत नाहीत. निखारा पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत शिरतो, पन्हळीत साठलेल्या पाचोळ्यात पडतो, दाराशी ठेवलेल्या काथ्याच्या पायपुसण्यावर पडतो, भिंतीला टेकवलेल्या लाकडी कुंपणावर पडतो. तासाभराने घर आतून पेटतं. मग त्या घराची धग शेजारच्या घराची काच फोडते, आणि पुढे जंगलाशी संबंध राहत नाही, घरच घराला पेटवतं. अल्टाडेनाच्या फोटोंत बघा, घरं भुईसपाट आणि मधली झाडं उभी, कित्येक हिरवीसुद्धा.

म्हणून आता भर घराला चिकटून असलेल्या पहिल्या पाच फुटांवर आहे. तिथे काही म्हणजे काही जळण्यासारखं नको. झुडूप नको, लाकडाचा भुसा नको, सरपण नको. झरोक्यांना बारीक धातूची जाळी. छपराच्या कडा बंद. २००८ पासून धोक्याच्या भागातल्या नव्या घरांना राज्याचे असे नियम आहेत, पण अल्टाडेनाची बरीच घरं १९२० ते ५० च्या दरम्यानची. त्यांना हे नियम लागूच नव्हते.

घाटवाट | १३ जानेवारी २०२५

समजलं. पहिल्या पाच फुटांचं मनावर घेण्यासारखं आहे. आपल्याकडेही डोंगरउतारावर बंगले आणि रिसॉर्ट वाढताहेत, शोभेसाठी भिंतीलगत बांबू आणि गवती छपरं. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावला आरेच्या डोंगरावर लागलेली आग वस्तीच्या जवळ आली होती. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात तर हवाईदल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी टाकावं लागलं. आपल्याकडचा वारा तसा नाही, पण उन्हाळे लांबताहेत.

मेथांबा | १५ जानेवारी २०२५

माउंट विल्सनची वेधशाळा वाचली आहे! आग डोंगर चढून अगदी जवळ गेली होती, जवानांनी धरून ठेवली. १९१७ पासूनची शंभर इंची दुर्बीण तिथे आहे. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी तिच्यातूनच देवयानीतला (अँड्रोमेडा) एक तारा पाहून देवयानी ही आपल्याबाहेरची वेगळी आकाशगंगा आहे हे दाखवलं. शेजारीच शहराचे टीव्ही आणि रेडिओचे मनोरे आहेत. नासाची प्रयोगशाळा जेपीएलही वाचली, पण तिथे काम करणाऱ्या दीडशेहून जास्त लोकांची घरं गेली. त्यांत आमचे ओळखीचे आहेत.

ही आग विझवणाऱ्यांत हजाराच्या आसपास कैदी आहेत, नारिंगी कपड्यांतले. डोंगर हाताने खणून आगीची वाट तोडणं हे काम त्यांचं. रोजची मजुरी सध्या (जानेवारी २०२५) जास्तीत जास्त दहा डॉलरच्या आसपास आणि आगीवर असताना तासाला आणखी एक डॉलर. सिएरा माद्रेत त्यांची एक तुकडी रस्त्याकडेला बसून जेवताना दिसली. माझ्या मैत्रिणीने इडल्यांचे डबे भरून नेले, पण बाहेरचं अन्न घेऊ देत नाहीत. हे लोक जगाला दिसायला हवेत.

नदीकाठ | २ फेब्रुवारी २०२५

दोन्ही आगी परवा, ३१ जानेवारीला पूर्ण आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. मिळून सोळा हजारांहून जास्त बांधकामं गेली.

आम्ही घरी परतलोय, पण राहता येत नाही. खिडकीच्या चौकटीत रांगोळीसारखी बारीक करडी राख बसलीय आणि पुसली की तासाभरात पुन्हा येते. शेजारची जुनी घरं जळलीत, म्हणजे त्या राखेत शिशाचा रंग, ॲस्बेस्टॉस, जळलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या, सगळं आहे. नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका अशी सूचना बरेच दिवस होती. डाळी, तांदूळ, मसाल्याचे उघडे डबे टाकून दिले. गाद्या टाकल्या. आजीच्या लुगड्यांची गोधडी टाकायला आई तयार नाही. तीन पिशव्यांत बांधून गॅरेजात ठेवलीय.

विमा कंपनीचा माणूस आला, म्हणाला घर तर उभं आहे, झाडून घ्या. राखेची प्रयोगशाळेत तपासणी करायला ते तयार नाहीत. कुणाला अनुभव आहे का?

उंबरठा | ३ फेब्रुवारी २०२५

स्वतः झाडू नका आणि साधा व्हॅक्यूम तर अजिबात नको, त्याने बारीक राख हवेत उडते. स्वतंत्र औद्योगिक आरोग्य तज्ज्ञाकडून नमुने घ्या. शिसं आणि ॲस्बेस्टॉस दोन्हींची तपासणी वेगवेगळी मागा. अहवाल हातात आला की कंपनीला लेखी पाठवा. फोनवर काही बोललात की त्याच दिवशी ईमेल करून 'आपलं असं बोलणं झालं' हे नोंदवा. दाद मिळाली नाही तर राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार करता येते, आणि ती करायला संकोच करू नका. पोटमाळ्यातलं इन्शुलेशन बदलावं लागेल, ते दाव्यात धरायला विसरू नका.

बाकीच्यांसाठी: आज संध्याकाळी फोन हातात घ्या आणि घरभर फिरून व्हिडिओ काढा. प्रत्येक कपाट उघडा, ड्रॉवर उघडा, दागिने, भांडी, पुस्तकं, सगळं बोलत बोलत टिपा. घर जळाल्यावर 'स्वयंपाकघरात काय काय होतं' ही यादी आठवून लिहायला लागते, आणि ती लिहिताना माणूस मोडतो. मी तशी माणसं पाहिली आहेत.

गिरकी | ४ फेब्रुवारी २०२५

ठाण्यातल्या घराचाही काढला व्हिडिओ. मुलालाही काढायला लावला.

मेथांबा | २० जुलै २०२५

धागा वर काढते. गेटी व्हिला जूनअखेरीस पुन्हा उघडला, आम्ही जाऊन आलो. हजाराहून अधिक जळकी झाडं काढावी लागली, त्यामुळे पूर्वी न दिसणारा डोंगर आता दिसतो.

जे फार बोचतंय ते लिहिते. मृतांचा आकडा दोन्ही आगी मिळून तिशीच्या घरात गेलाय. ईटन आगीतले जवळजवळ सगळे लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेचे. पूर्वेच्या भागाला घर सोडायचा आदेश संध्याकाळी साडेसातच्या आसपास गेला. पश्चिमेला पहाटे साडेतीनच्या सुमारास. तोवर तिथे घरं पेटलेली होती. गेलेल्यांत बहुतेक वयस्कर, काही अंथरुणाला खिळलेले, काही चाकाच्या खुर्चीत. वाहनासाठी थांबलेले. त्या रात्री आठ तास त्या लोकांना कुणी काही सांगितलं नाही, याचं उत्तर अजून नीट मिळालेलं नाही, आणि ते मागत राहायला हवं.

नदीकाठ | २० जुलै २०२५

मेथांबा, शंभर टक्के अनुमोदन. आमच्या गल्लीत आम्ही आता यादी केलीय. एकटं कोण राहतं, गाडी कोण चालवत नाही, ऑक्सिजन कुणाला लागतो, आणि प्रत्येकाच्या दारावर कोण जाणार. फोन वाजो न वाजो.

एक बरी बातमी. अल्टाडेनाच्या सांता रोझा अव्हेन्यूवरचे देवदार बरेचसे वाचलेत. हिमालयातलं झाड, १८८० च्या दशकात इथे लावलेलं, आणि १९२० पासून नाताळात त्यांच्यावर दिवे लावतात. आजूबाजूची घरं गेली पण ती रांग आहे.

पाणकणीस | २१ जुलै २०२५

यावरून लाहायनाचा वड आठवला. हवाईतल्या त्या गावाला ऑगस्ट २०२३ मध्ये आग लागली, शंभरावर माणसं गेली, दोनशे वर्षं जुनं वायोला चर्च गेलं. तिथला वड भारतातून नेलेला, १८७३ मध्ये लावलेला. पार होरपळला होता. झाडांच्या जाणकारांनी मुळांना पाणी आणि कंपोस्टचं खत घातलं आणि काही आठवड्यांत पालवी फुटली. काही भाग कायमचा गेला, तो छाटावा लागला.

घाटवाट | ११ ऑक्टोबर २०२५

पॅलिसेड्सच्या आगीबद्दल या आठवड्यात आलेली बातमी वाचली का? तपास यंत्रणांचं म्हणणं असं की १ जानेवारीच्या पहाटे त्याच डोंगरावर आठेक एकरांची छोटी आग लागली होती. ती विझवली, पण मुळांमध्ये जमिनीखाली धुमसत राहिली. ७ तारखेला वारा सुटल्यावर तीच वर आली. ती पहिली आग लावल्याच्या आरोपावरून एकाला फ्लोरिडात अटक झाली आहे. त्याने आरोप नाकारलाय, खटल्यात काय ते ठरेल. ईटनच्या बाबतीत वीजवाहिन्यांवरून कंपनीवर दावे चालू आहेतच.

पण मुळांतल्या धगीचं वाचून मी हादरलो. आम्ही नव्या मुलांना पहिली गोष्ट शिकवतो ती हीच. ज्वाळा गेल्या म्हणजे वणवा विझला असं नाही. जुना बुंधा, पोकळ खोड, वाळवीचं वारूळ, शेणाचा ढीग यांत विस्तव दिवसभर राहतो. हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेऊन धग लागते का बघायचं, लागली तर उकरायचं, माती आणि पाणी घालून कालवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बघायचं. सगळे दमलेले असतात, घरी जायचं असतं, आणि नेमकं तिथेच कमी पडतं.

उंबरठा | १२ ऑक्टोबर २०२५

अगदी बरोबर. इथे धग शोधायला ड्रोनवर उष्णता टिपणारे कॅमेरे लावता येतात. पण खोल मुळातलं त्यांनाही दिसेलच असं नाही. जमिनीवर चालत जाऊन उकरणारी माणसंच लागतात.

मेथांबा | ६ डिसेंबर २०२५

पासाडेना ज्यूइश टेंपलचे लोक सध्या पासाडेनातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये आपली उपासना करतात. तोराच्या गुंडाळ्या सुखरूप आहेत. अल्टाडेनात काही घरांचे सांगाडे उभे राहिलेत, पण 'विकणे नाही' अशा पाट्याही खूप आहेत, कारण रिकामे प्लॉट घेणारे फिरताहेत.

गिरकी | ७ डिसेंबर २०२५

मुलाने मित्रांबरोबर ला क्रेसेंटाला जुनं घर भाड्याने घेतलंय, मागे लगेच डोंगर. घरमालक म्हणतात झरोक्यांना जाळी आहे. ती चालेल का कसं बघायचं?

उंबरठा | ७ डिसेंबर २०२५

प्लास्टिकची किंवा फायबरची असेल तर उपयोग नाही, वितळते. धातूची हवी आणि भोकं इंचाच्या आठव्या भागाहून मोठी नकोत. त्याला शिडी लावून सगळे झरोके बघायला सांगा, जमिनीलगतचेसुद्धा, ते सगळे विसरतात. फाटलेली असेल तर फोटो काढून मालकाला लेखी कळवायचं. पन्हळी साफ आहेत का ते त्याच वेळी बघून घ्यावं.